अमेरिकेत मुलं शाळेत घालताय? स्कूल डिस्ट्रिक्टकडून मदत कशी मिळवायची

नाशिकहून न्यू जर्सीला आलो तेव्हा मुलगी तिसरीत जाणार होती आणि मुलगा नुकताच पाच वर्षांचा झाला होता. ऑगस्टचे शेवटचे दिवस. प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये सगळे दाखले घालून मी घराजवळच्या शाळेत गेले. आपल्याकडे मुख्याध्यापिकांना भेटतात तसं भेटू, नाव घालू, असा हिशोब. ऑफिसातल्या बाईंनी हसून एक चिठ्ठी हातात दिली. प्रवेश इथे होत नाही, डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात जा.

शाळेच्या मागे आणखी एक मोठं कार्यालय उभं असतं हे मला त्या दिवशी कळलं. पण ते कार्यालय नेमकं काय करतं, हे कळायला आणखी दोन वर्षं गेली. या दोन वर्षांत मी शिक्षिकेच्या हातात नसलेल्या गोष्टी तिच्याकडे मागत राहिले आणि डिस्ट्रिक्टला कायद्यानं द्याव्याच लागतात त्या गोष्टी कुणाकडेच मागितल्या नाहीत. त्याची किंमत माझ्या मुलानं मोजली. तुमच्या मुलांवर ती वेळ येऊ नये, म्हणून हे सगळं लिहिते आहे.

माझा अनुभव न्यू जर्सीचा आहे. कॅलिफोर्निया, टेक्सास, न्यूयॉर्क इथे परीक्षांची आणि समित्यांची नावं बदलतात, तारखा बदलतात. पण केंद्र सरकारचे कायदे सगळ्या पन्नास राज्यांना लागू आहेत आणि खाली जे हक्क सांगितले आहेत ते बहुतेक त्या कायद्यांतूनच आले आहेत.

१. डिस्ट्रिक्ट म्हणजे आपला जिल्हा नव्हे

इथला स्कूल डिस्ट्रिक्ट म्हणजे फक्त शाळा चालवण्यासाठी असलेली स्थानिक संस्था. देशभरात असे सुमारे १३,००० डिस्ट्रिक्ट आहेत, एकट्या न्यू जर्सीत सहाशेच्या आसपास. काही इतके लहान की त्यात एकच शाळा असते. पैसा मुख्यतः राज्याकडून आणि स्थानिक करांतून येतो. आमच्याकडे तर घरपट्टीचा मोठा भाग शाळांनाच जातो. केंद्राचा वाटा साधारण दहा टक्क्यांच्या आसपास.

वर असतं स्कूल बोर्ड. त्याचे सदस्य बहुतेक ठिकाणी लोकांनी निवडून दिलेले असतात. बोर्ड सुपरिंटेंडंट नेमतं. त्यांच्या हाताखाली अभ्यासक्रम बघणारे असिस्टंट सुपरिंटेंडंट, प्रत्येक विषयाचे सुपरवायझर, मग शाळांचे प्रिन्सिपल आणि शिक्षक.

आपण बालभारतीच्या पुस्तकांवर वाढलो. अख्ख्या राज्यात एकच पुस्तक, एकच धडा. इथे तसं नसतं. कुठल्या इयत्तेत मुलाला काय यायला हवं, ती अपेक्षा राज्य ठरवतं. ते कुठल्या पुस्तकातून आणि कुठल्या पद्धतीनं शिकवायचं, हे डिस्ट्रिक्ट ठरवतो. म्हणून दोन मैलांवर राहणाऱ्या मैत्रिणीच्या मुलाचं गणित आणि तुमच्या मुलाचं गणित वेगळं दिसलं तर गोंधळू नका. आपल्या डिस्ट्रिक्टच्या संकेतस्थळावर 'करिक्युलम' किंवा 'ॲकॅडेमिक्स' असा भाग शोधा. इयत्तेनुसार वर्षाचा आराखडा बहुधा तिथे मिळतो. पाठ्यपुस्तक घरी येत नाही, वहीत उत्तरं उतरवलेली नसतात, मग मूल शिकतंय तरी काय, हा प्रश्न प्रत्येक मराठी आईला पडतो. उत्तर त्या आराखड्यात असतं.

२. भाडेकरार करण्याआधी पत्ता तपासा

कुठली शाळा मिळणार हे पत्त्यावर ठरतं. एकाच रस्त्याच्या दोन बाजूंची मुलं वेगवेगळ्या शाळांत जातात. शिवाय टपालाच्या पत्त्यातलं गावाचं नाव आणि डिस्ट्रिक्ट एकच असतील असं नाही. झिपकोडवर विसंबून घर घेतलं आणि मग शाळा भलतीच निघाली, असं माझ्या ओळखीत दोन कुटुंबांचं झालं आहे. घर दाखवणाऱ्या एजंटचा शब्द घेऊ नका. डिस्ट्रिक्टच्या ऑफिसात फोन करून घरक्रमांकासह पूर्ण पत्ता सांगा आणि शाळा विचारून घ्या.

शाळांना दहापैकी गुण देणाऱ्या संकेतस्थळांवर सगळा भार टाकू नका. ते गुण मोठ्या प्रमाणात परीक्षेच्या निकालांवर बेतलेले असतात. नवीन आलेल्या मुलाला इंग्रजी शिकवायला त्या शाळेत पूर्णवेळ शिक्षक आहे का, हे त्या आकड्यात दिसत नाही. ते फोनवर विचारा.

३. कागदपत्रं

भारतातून निघायच्या आधीच ही फाईल तयार करा:

- मुलाच्या वयाचा पुरावा: जन्मदाखला, शक्यतो इंग्रजीतला. महापालिकेचा दाखला फक्त मराठीत असेल तर भाषांतर करून घ्या.
- पत्त्याचे पुरावे: भाडेकरार, वीज किंवा गॅसचं बिल, बँकेचं पत्र. किती पुरावे लागतात ते डिस्ट्रिक्टनुसार बदलतं.
- नातेवाईकांकडे उतरला असाल तर घरमालकाचं आणि तुमचं नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र. त्याचा नमुना डिस्ट्रिक्टकडेच मिळतो.
- मागच्या दोन-तीन वर्षांची प्रगतिपुस्तकं आणि शाळा सोडल्याचा दाखला. मराठी माध्यमाचं प्रगतिपुस्तक असेल तर सोबत इंग्रजी भाषांतर जोडा.
- नववीपासून पुढच्या मुलांसाठी प्रत्येक विषयाचे गुण आणि जमल्यास अभ्यासक्रमाची यादी. इथे हायस्कूलला श्रेयांक मोजतात. न्यू जर्सीत हायस्कूल पूर्ण करायला किमान १२० लागतात. भारतात केलेली नववी कागदावर दिसली नाही तर ती मोजली जात नाही.
- लसीकरणाचा पूर्ण तक्ता आणि डॉक्टरांचा तपासणी अहवाल.
- भारतात मुलाची स्पीच थेरपी, ऑक्युपेशनल थेरपी किंवा कसलीही तपासणी झाली असेल तर ते अहवाल. हे लपवू नका. का, ते आठव्या मुद्द्यात सांगते.

दोन गोष्टींची भीती बाळगू नका. सर्वोच्च न्यायालयाच्या १९८२ च्या 'प्लायलर विरुद्ध डो' निकालामुळे स्थलांतराच्या कागदांवरून कुठल्याही मुलाला सरकारी शाळेचा प्रवेश नाकारता येत नाही. आणि सोशल सिक्युरिटी नंबर नाही म्हणून प्रवेश अडवता येत नाही. व्हिसा बदलाच्या मधल्या काळात असलेल्या एका ओळखीच्या बाईंनी या भीतीपोटी मुलाला दोन महिने घरी ठेवलं होतं. तसं करू नका.

किंडरगार्टनसाठी, म्हणजे पहिलीच्या आधीच्या वर्गासाठी, मूल कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये १ सप्टेंबरपर्यंत पाच वर्षांचं व्हायला हवं. न्यू जर्सीत तारीख डिस्ट्रिक्ट ठरवतो, बऱ्याच ठिकाणी ती १ ऑक्टोबर असते.

४. लसींचा घोळ आधीच सोडवा

आपल्या लोकांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. सरकारी दवाखान्यात सगळ्या लसी वेळेवर दिल्या, कार्डावर शिक्के आहेत, तरी शाळेची नर्स कार्ड परत करते. कारणं अशी:

सरकारी कार्यक्रमात गोवर-रुबेलाची लस मिळते. इथे गोवर, गालगुंड आणि रुबेला तिन्हींची एकत्र लस लागते. म्हणजे गालगुंडाचा भाग राहिलेला असतो. कांजिण्यांची लस सरकारी कार्यक्रमात नाहीच, खासगी बालरोगतज्ज्ञांकडे घेतली असेल तरच कार्डावर असते. पोलिओचे तोंडावाटे दिलेले थेंब एप्रिल २०१६ पासून दोनच प्रकारच्या विषाणूंवरचे झाले, म्हणून त्या तारखेनंतरचे डोस इथे धरत नाहीत. इंजेक्शनचे डोस मोजतात. आणि चौथ्या वाढदिवसानंतरचा बूस्टर कार्डावर तारखेसह असावा लागतो.

निघायला महिना-दोन महिने असतील तर तुमच्या बालरोगतज्ज्ञांना ही यादी दाखवा. राहिलेल्या लसी तिथेच घेतल्या तर खर्च आणि धावपळ दोन्ही वाचतात. तारखा दिवस-महिना-वर्ष अशा आकड्यांत न लिहिता महिन्याचं नाव अक्षरांत लिहून घ्या. इथे महिना आधी लिहितात, त्यामुळे ५/७ चा अर्थ उलटा लागतो आणि दोन डोसांमधलं अंतर कमी भरतं.

क्षयाची तपासणी मागितली तर रक्ताची चाचणी करता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. आपल्या मुलांना जन्मतःच बीसीजी दिलेली असते, त्यामुळे त्वचेवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते. रक्ताच्या चाचणीवर बीसीजीचा परिणाम होत नाही. माझ्या मुलीचा छातीचा एक्स-रे आणि दोन आठवड्यांची शाळा या एका गोष्टीपायी गेली.

५. घरात कुठली भाषा बोलता? खरं लिहा

प्रवेशाच्या कागदांत एक पानभराचा होम लँग्वेज सर्व्हे असतो. मूल पहिल्यांदा कुठली भाषा बोललं, घरात कुठली बोलतात, असे तीन-चार प्रश्न. आपली माणसं तिथे 'इंग्लिश' लिहून मोकळी होतात. मराठी लिहिलं तर मुलाला खालच्या वर्गात टाकतील, वेगळं बसवतील, अशी भीती असते. काही वेळा त्यात थोडी लाजही असते. हे मी स्वतः केलं आहे, म्हणून हक्कानं सांगते: ते पान खरं भरा.

मराठी लिहिलं की डिस्ट्रिक्टला मुलाची इंग्रजीची चाचणी घ्यावी लागते. न्यू जर्सीसह बहुतेक राज्यांत त्यासाठी 'विडा' नावाची पद्धत वापरतात. ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चार अंगांनी १ ते ६ अशी पातळी ठरते. कॅलिफोर्नियात 'एल्पॅक' असतं. टेक्सासमध्ये 'टेलपास' ही दरवर्षीची चाचणी आहे, प्रवेशाच्या वेळची वेगळी असते. मुलाला गरज नसेल तर चाचणीतच दिसतं आणि विषय संपतो. गरज असेल तर ईएसएलचे, म्हणजे दुसरी भाषा म्हणून इंग्रजी शिकवण्याचे, तास मिळतात, खास प्रशिक्षण घेतलेल्या शिक्षकाकडून, फुकट. इयत्ता बदलत नाही. कुठे ईएसएल शिक्षक वर्गातच येऊन मदत करतात, कुठे मुलांना तासभर छोट्या गटात नेतात.

या मदतीमागे मोठी लढाई आहे. सॅन फ्रान्सिस्कोतल्या चिनी मुलांना इंग्रजी येत नसताना तसंच वर्गात बसवून ठेवलं होतं. त्यांच्या पालकांनी दावा लावला आणि १९७४ साली 'लाऊ विरुद्ध निकोल्स' खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की सगळ्यांना एकच पुस्तक आणि एकच शिक्षक दिले म्हणजे समान वागणूक दिली असं होत नाही. ज्या मुलाला भाषाच कळत नाही, त्याच्यासाठी शिक्षणाचं दार बंदच राहतं. आपण 'इंग्लिश' लिहितो तेव्हा ते उघडलेलं दार आपल्याच हातानं लावून घेतो.

मुलाची निवड ईएसएलसाठी झाली तर शाळेचं वर्ष सुरू झाल्यापासून ३० दिवसांत, किंवा वर्षाच्या मध्ये आला असाल तर दोन आठवड्यांत, तुम्हाला पत्र यायला हवं. त्यात पातळी आणि मदतीचा प्रकार लिहिलेला असतो. ही मदत नाकारायचा हक्क पालकांना आहे. पण नाकारलीत तरी पातळी गाठेपर्यंत दरवर्षीची चाचणी द्यावीच लागते.

आणि एक. माझी मुलगी पहिले जवळजवळ चार महिने वर्गात एक शब्द बोलली नाही. घरी आली की मराठीत अखंड बडबड, शाळेत मौन. ईएसएलच्या शिक्षिकेनं मला बसवून सांगितलं की नवीन भाषा शिकताना हा काळ बहुतेक मुलांना लागतो, ती ऐकतेय, साठवतेय. घरी मराठीच बोला, गोष्टी मराठीतच वाचा, असंही त्यांनीच सांगितलं. एका भाषेत पक्कं झालेलं वाचन दुसऱ्या भाषेच्या उपयोगी पडतं. मार्चमध्ये तिनं वर्गात हात वर केला. त्या संध्याकाळी शिक्षिकेचा दोन ओळींचा ईमेल आला, तो मी अजून जपून ठेवला आहे.

६. पहिल्या तीन महिन्यांत काय बघायचं

सप्टेंबरमध्ये 'बॅक टू स्कूल नाइट' असते. ती चुकवू नका. मुलांना न्यायचं नसतं. शिक्षक वर्षभराचं वेळापत्रक आणि अपेक्षा सांगतात. स्वतःच्या मुलाबद्दल विचारायची ती जागा नव्हे. त्यासाठी शरद ऋतूत पालक-शिक्षक भेट असते, दहा-पंधरा मिनिटांची. त्या दहा मिनिटांत "कशी आहे हो माझी मुलगी?" असं विचारलं तर "शी इज डूइंग ग्रेट" हेच ऐकून परत याल. इथले शिक्षक चांगल्या गोष्टीनं सुरुवात करतात आणि बोलण्यात फार सौम्य असतात. माझ्या अनुभवात "थोडं लक्ष ठेवायला हवं" हे वाक्य आलं की समजावं, काळजी करण्याजोगं काहीतरी आहे.

म्हणून प्रश्न लिहून न्या. वाचन इयत्तेच्या पातळीवर आहे का? चाचणीचा आकडा दाखवता का? कुठल्या गटात बसते? गेल्या वेळेपेक्षा किती पुढे गेली?

बहुतेक डिस्ट्रिक्ट वर्षातून तीनदा, म्हणजे सुरुवातीला, हिवाळ्यात आणि शेवटी, वाचन आणि गणिताची छोटी चाचणी संगणकावर घेतात. 'मॅप' आणि 'आय-रेडी' ही नावं तुम्हाला ऐकू येतील. अहवालातला पर्सेंटाइल म्हणजे शेकडा गुण नव्हेत. ६० म्हणजे त्याच इयत्तेच्या शंभरातल्या साठ मुलांच्या पुढे. आपल्या डोक्यात साठ टक्के म्हणजे 'फर्स्ट क्लास हुकता हुकता वाचला' असं असतं, आणि त्या पायी मुलांना उगाच बोलणी बसतात. तिसरी ते आठवी दरवर्षी राज्याची परीक्षाही असते. केंद्राचा २०१५ चा कायदा ती सक्तीची करतो, पण आपल्या दहावीसारखी तिची धास्ती घेऊ नका.

कॅलेंडरवर 'अर्ली डिसमिसल' किंवा 'स्टाफ डेव्हलपमेंट' असे दिवस दिसतील. मुलं दुपारी लवकर घरी, शिक्षक शाळेत. नोकरी करणाऱ्या आईवडिलांना हे दिवस जड जातात, मलाही जायचे. पण त्या वेळात काय चालतं ते कळल्यावर माझं मत बदललं. एकाच इयत्तेचे शिक्षक एकत्र बसून मुलांच्या चाचण्या बघतात, कुठलं मूल कशात अडतंय ते एकमेकांना सांगतात. वाचनाची किंवा गणिताची कोच, म्हणजे शिक्षकांना वर्गात येऊन मदत करणारी अनुभवी शिक्षिका, त्यांच्यासोबत असते. वर्गातल्या एकट्या बाईंच्या पाठीशी उभी असलेली डिस्ट्रिक्टची ताकद म्हणजे ही माणसं. तुमच्या शाळेत वाचनाची स्पेशालिस्ट कोण, काउन्सेलर कोण, नर्स कोण, ग्रंथपाल कोण, ही चार नावं पहिल्या महिन्यातच लिहून ठेवा.

पालकांच्या पोर्टलवर लॉगिन मिळालं की सूचनांचा ईमेल चालू आहे ना, ते बघा. सगळं तिथेच येतं, डायरीत चिठ्ठी येत नाही.

७. मूल मागे पडतंय असं वाटलं तर लेखी विचारा

माझा मुलगा पहिलीत अक्षरं उलटी लिहायचा. आधी वाचलेला शब्द पुढच्या ओळीत आला तर ओळखायचा नाही. मी भेटीत विचारलं. उत्तर मिळालं, दोन भाषा शिकतोय, वेळ द्या. मी मान डोलावली. आपल्याला शिक्षकांना उलट विचारायची सवय नसते, त्यांनी सांगितलं म्हणजे झालं. एक वर्ष गेलं. दुसरीत तो रोज सकाळी पोट दुखतं म्हणून रडायला लागला.

शेजारच्या एका पंजाबी बाईंनी मला शहाणं केलं. तोंडी विचारलेल्याला इथे तारीख नसते, म्हणाल्या, ईमेल लिही.

डिस्ट्रिक्टमध्ये मदतीच्या पायऱ्या असतात. बहुतेक ठिकाणी त्याला एमटीएसएस म्हणतात. पहिली पायरी म्हणजे वर्गातलं सगळ्यांसाठीचं शिकवणं. दुसरी, आठवड्यातून काही वेळा छोट्या गटात जादा मदत. तिसरी, अगदी दोन-तीन मुलांना किंवा एकट्याला, जास्त वेळ. तुमच्या ईमेलमध्ये हे असू द्या: मुलाचं पूर्ण नाव आणि इयत्ता, तुम्हाला घरी दिसलेल्या तीन-चार नेमक्या गोष्टी, तो सध्या कुठल्या पायरीवर आहे हा प्रश्न, त्याची प्रगती किती आठवड्यांनी मोजणार हा प्रश्न, आणि उत्तराची विनंती. ईमेल शिक्षिकेला, प्रत प्रिन्सिपलला. भाषा साधी आणि नम्र ठेवा. तक्रार करताय असं तिथे कुणी समजत नाही. उलट शिक्षिकेलाही वरून जादा मदत मागायला तुमचा ईमेल उपयोगी पडतो. आमच्या शिक्षिकेनं हे मला नंतर स्वतः सांगितलं.

इंग्रजीत लिहायचा किंवा बोलायचा संकोच असेल तर दुभाषा मागा. मुलाला दुभाषा करू नका. स्वतःच्या अडचणी आईबाबांना भाषांतर करून सांगायचं ओझं आठ वर्षांच्या मुलावर नको.

८. त्यानेही भागलं नाही तर: ५०४ आणि आयईपी

या दोन शब्दांना आपल्याकडे फार घाबरतात. मूल 'स्पेशल'मध्ये गेलं, आता शिक्का बसला, गावाकडे काय सांगायचं. माझ्या सासूबाई फोनवर रडल्या होत्या. म्हणून नीट सांगते.

५०४ हे नाव १९७३ च्या एका कायद्याच्या कलमावरून आलं. मुलाला मधुमेह आहे, दमा आहे, लक्ष एकाग्र होत नाही, पण शिकवण्याची पद्धत बदलायची गरज नाही, तेव्हा सवलती मिळतात. जादा वेळ, पुढच्या बाकावर जागा, नर्सकडे जायची मुभा. आयईपी, म्हणजे एकेका मुलासाठी केलेला लेखी शिक्षण आराखडा, १९७५ च्या कायद्यातून आला. आज तो कायदा आयडीईए या नावानं ओळखला जातो. त्यात मुलासाठी खास शिकवणं असतं, लेखी उद्दिष्टं असतात, आणि वर्षातून एकदा तरी बैठक घेऊन ते तपासावं लागतं. बहुतेक मुलं दिवसाचा मोठा भाग नेहमीच्या वर्गातच असतात.

तपासणी मागायचा हक्क पालकांना आहे आणि ती फुकट होते. "माझ्या मुलाची विशेष शिक्षणासाठी तपासणी व्हावी अशी माझी विनंती आहे" या अर्थाचं एक स्पष्ट वाक्य, तारीख आणि सही, एवढं पत्र पुरतं. न्यू जर्सीत ते चाइल्ड स्टडी टीमला द्यायचं. त्या टीममध्ये शाळेचे मानसशास्त्रज्ञ, शिकण्यातल्या अडचणींच्या तज्ज्ञ आणि सोशल वर्कर असतात. पत्र मिळाल्यापासून २० दिवसांत बैठक व्हायला हवी आणि तुम्ही संमतीची सही केल्यापासून ९० दिवसांत तपासणी होऊन, मूल पात्र ठरलं तर, आयईपी लागू व्हायला हवा. ज्या राज्यांचा स्वतःचा नियम नाही तिथे तपासणीला ६० दिवस असतात.

इथले सापळे नीट वाचा.

"आधी दुसऱ्या पायरीची मदत संपू दे, मग बघू" असं म्हणून तपासणी लांबवता येत नाही. दोन्ही गोष्टी सोबत चालू शकतात.

इंग्रजी कमी येतं एवढ्याच कारणानं मुलाला अपंगत्व आहे असं ठरवता येत नाही. हा नियम आपल्या मुलांचं रक्षण करतो. पण त्याचीच दुसरी बाजू म्हणजे "भाषेमुळे होतंय" म्हणून खरी अडचण मागे ढकलली जाते. आमचं तेच झालं. अशा वेळी मराठीतही हीच अडचण दिसते का, ते सांगा. माझा मुलगा मराठी बाराखडीतही तसाच अडखळत होता. ही एक गोष्ट मी पत्रात लिहिली आणि बैठकीचा सूर बदलला. भारतातले जुने अहवाल जपून आणा म्हटलं ते याचसाठी. ईएसएल आणि आयईपी दोन्ही एकाच मुलाला मिळू शकतात.

आयईपीच्या बैठकीत समोर पाच-सहा जण बसलेले असतात आणि छाती दडपते. नवऱ्याला किंवा मैत्रिणीला सोबत न्या. दुभाषा हवा असेल तर आधी कळवा, तो देणं नियमातच आहे. तिथल्या तिथे सही करायची गरज नाही. घरी नेऊन वाचते म्हणा. तपासणीचा निष्कर्ष पटला नाही तर डिस्ट्रिक्टच्या खर्चानं बाहेरच्या तज्ज्ञाकडून तपासणी मागता येते. डिस्ट्रिक्टला ती द्यायची नसेल तर आपली तपासणी योग्य होती हे सुनावणीत सिद्ध करावं लागतं.

प्रत्येक राज्यात पालकांना हे सगळं फुकट समजावून सांगणारं, केंद्राच्या पैशावर चालणारं निदान एक केंद्र असतं. न्यू जर्सीत 'स्पॅन' ते काम करतं. तिथल्या बाईंनी मला फोनवर पाऊण तास दिला. मी आभार मानले तेव्हा म्हणाल्या, मीही अशाच एका मुलाची आई आहे.

माझ्या मुलाला डिस्लेक्सिया निघाला. आठवड्यातून चार दिवस, ध्वनी आणि अक्षरं जोडून शिकवणारी शिक्षिका मिळाली. चौथीच्या शेवटी त्यानं आजीला फोनवर इंग्रजी गोष्ट वाचून दाखवली. सासूबाई तेव्हाही रडल्या.

९. गणिताचा रस्ता सहावीच्या आधी ठरतो

हे फार कुणी सांगत नाही. आठवीत अल्जिब्रा १ झालं तर नेहमीच्या चालीनं बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोचता येतं. त्या वर्गात जायची चाळणी कित्येक डिस्ट्रिक्टमध्ये पाचवी-सहावीतच होते. मूल मधल्या वर्षी भारतातून आलं असेल तर ती चाळणी त्याच्या हातून निसटते आणि काउन्सेलर आपणहून विचारतीलच असं नाही. आल्या आल्या विचारा: गणिताची प्लेसमेंट टेस्ट कधी असते, माझ्या मुलाला देता येईल का? मात्र मुलाची तयारी नसताना वरच्या वर्गात ढकलू नका. पाया कच्चा राहिला तर नववीत तो उघडा पडतो.

१०. बोर्डाच्या बैठकीला एकदा तरी जा

बैठका सगळ्यांसाठी खुल्या असतात, विषयपत्रिका आधी लावलेली असते. लोकांना बोलायला वेळ मिळतो, बऱ्याच ठिकाणी तीन मिनिटं. अंदाजपत्रकाच्या दिवसांत जरूर जा. ईएसएलच्या दोन शिक्षकांची पदं राहणार की जाणार, ग्रंथपाल अर्धा दिवस होणार का, हे तिथे ठरतं. भारतीय कुटुंबं भरपूर असलेल्या गावातही त्या खुर्च्यांवर आपली माणसं कमी दिसतात. न्यूयॉर्क शहरातल्या शाळांना दिवाळीची सुट्टी मिळाली, न्यू जर्सीतही काही डिस्ट्रिक्ट ती देतात. कुणीतरी वर्षानुवर्षं मागत राहिलं म्हणून ती मिळाली.

११. भारतात जाताना

लग्न, मुंज, आजोबांची पंचाहत्तरी. आपण डिसेंबरला जोडून पाच आठवड्यांची तिकिटं काढतो. शाळेचं वर्ष साधारण १८० दिवसांचं. दहा टक्के, म्हणजे १८ दिवस गैरहजर राहिलं की मूल कायम गैरहजर राहणाऱ्यांच्या यादीत जातं, आणि त्यात बहुतेक कारणं धरत नाहीत. काही डिस्ट्रिक्ट सलग मोठ्या गैरहजेरीनंतर पटावरून नाव कमी करतात आणि परत आल्यावर पुन्हा सगळे कागद द्यावे लागतात. तिकीट काढायच्या आधी प्रिन्सिपलना ईमेल करा आणि नियम लेखी मागा. हिवाळ्यात ईएसएलची वार्षिक चाचणी असते, तिच्या तारखाही बघून घ्या. सणासाठी एक दिवस हवा असेल तर तो धार्मिक सुट्टी म्हणून मांडता येतो. न्यू जर्सीच्या राज्य यादीत दिवाळी आहे.

१२. डिस्ट्रिक्ट बदलताना

नोकरीमुळे आपण दोन-तीन वर्षांनी गाव बदलतो. निघण्याआधी मुलाच्या सगळ्या शालेय नोंदींची प्रत मागा. १९७४ च्या फर्पा कायद्यानं त्या बघायचा हक्क तुम्हाला आहे आणि ४५ दिवसांच्या आत त्या दाखवाव्याच लागतात. म्हणून महिना-दीड महिना आधी मागा. चाचण्यांचे अहवाल, ईएसएलची पातळी, लसींचा तक्ता, आयईपी किंवा ५०४ ची पूर्ण प्रत. शाळा एकमेकींना नोंदी पाठवतात, पण त्यात आठवडे जातात. तुमच्या हातात प्रत असेल तर नवीन डिस्ट्रिक्टला पहिल्या दिवसापासून आधीच्यासारखीच मदत सुरू करावी लागते. नवी तपासणी मागाहून होत राहते. आम्ही गाव बदललं तेव्हा आयईपी मी हातातल्या पिशवीत ठेवला होता. सोमवारी प्रवेश झाला आणि गुरुवारी वाचनाची शिक्षिका मुलाला न्यायला वर्गाच्या दाराशी आली.